पातेल्यातली भाजी

‘तोंडाचं ऐकू नकोस, रक्ताचं ऐक,’ असं म्हणत बाई हातातली पेन्सिल समोरच्याच्या दंडावर टोचायच्या. बहुतेक वेळा समोर मीच असायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हाताखाली काम करण्यापेक्षा उपास परवडला.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका प्रयोगशाळेत मी रक्त काढायचो आणि बाई आमच्या प्रमुख होत्या. लोक खरोखर किती भाजी खातात, हे आम्ही शोधत होतो. विचारलं तर प्रत्येक जण रोज पालेभाजी खायचा. पण माठ, पालक, लाल भोपळा पोटात गेला की त्यातला पिवळा रंग रक्तात उतरतो. तो मोजला की थाप उघडी पडायची. ‘हाही खोटारडाच निघाला ना रे?’ असं म्हणून बाई खुशीत चहा प्यायच्या. मला त्या अजिबात आवडायच्या नाहीत.

मुलुंडच्या एका सोसायटीतल्या घराचा मेळ मात्र बसेना. तिथल्या सासूबाई सांगत तेवढी भाजी शिजत होती, मी स्वतः पाहिली होती. सगळ्यांच्या रक्तात रंग होता, फक्त सुनेच्या रक्तात जवळजवळ नव्हता, आणि ती गरोदर होती.

‘आपण पातेलं मोजलं, गाढवा,’ बाई म्हणाल्या. ‘तिचं पान कुणी मोजलं?’

रविवारी ऐन जेवणाच्या वेळी त्या मला घेऊन तिथे थडकल्या. पुरुष जेवले, मुलं जेवली, सासूबाई जेवल्या. सून बसली तेव्हा भाजीचं नुसतं पाणी उरलं होतं. ती तेच भातात कालवू लागली.

‘पोटुशी बाई उरलंसुरलं खाते आणि तुम्ही ढेकर देताय?’ बाईंनी विचारलं. ‘उद्यापासून हिला आधी वाढायचं.’

‘माझ्या घरात येऊन मला शिकवतेस? चालती हो,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आम्हाला जिन्यापर्यंत हाकललं आणि त्यांच्या सोसायटीने आमच्या वरच्या साहेबांकडे तक्रार केली. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही.

महिन्याभराने ती सून एकटीच प्रयोगशाळेत आली, रागाने लाल होऊन.

‘तुम्ही बोलून मोकळ्या झालात. आता सासूबाई रोज सगळ्यांदेखत मला पहिलं वाढतात. गिळ, नाहीतर ती रक्तपिपाशी परत येईल, म्हणतात. घास उतरत नाही घशाखाली.’

‘पण गिळतेस ना?’

‘गिळते.’

‘मग मला शिव्या घाल आणि गिळ.’

त्या पोरीने खरंच घातल्या. बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी तिला पाणी दिलं आणि, ते काम मला न सांगता, स्वतःच्या हाताने तिचं रक्त काढलं. इतक्या हळू सुई टोचताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तक्रारीचा निकाल लागला आणि बाईंना काढलं. निरोपाचा चहासुद्धा कुणी केला नाही. मीही नाही.

सुनेचा नमुना मी नंतर तपासला. रंग चांगला चढला होता. नवे साहेब म्हणाले, ‘त्या सोसायटीचं सगळं फेकून दे, कटकट नको.’ मी नळी हातात धरून मोरीपाशी उभा राहिलो. तो रंग चढल्याचं ऐकून खूश होणारं माणूस अख्ख्या मुंबईत एकच होतं, आणि ते कुठे राहतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.