धाकटीचा दातावरचा दात

माझ्या धाकट्या बहिणीला सातव्या वर्षी दातावर दात आला आणि माझं घरातलं राज्य संपलं.

तिचा वरचा दुधाचा दात पडायचं नाव घेईना, आणि नवा त्याच्यावरच तिरका चढून बसला. आत्या देवळालीहून आली होती. तिनं धाकटीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि ओरडलीच, "अगं बया! दातावर दात! लई नशिबाची हाय गं ही पोर. दादा, हिच्या हातानं काय बी कर, यश येनार बघ."

दादा म्हणजे आमचे वडील. आम्हीही त्यांना दादाच म्हणायचो. झालं! तेव्हापासून पेरणीची पहिली मूठ तिची. नव्या बैलाला कुंकू तिनं लावायचं. दादा बाजाराला निघाले की दारात तिनं समोर यायचं. शेतात भाकरी पोचवायला मात्र मी. असा जळफळाट व्हायचा की सांगता सोय नाही.

मी काय कमी होते का? माझाही वरचा एक दात हलत होता. बाकीच्या पोरी हलता दात जिभेनं ढकलून पाडायच्या आणि शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकायच्या. मी उलटं केलं. जुना पडूच द्यायचा नाही, म्हणजे नवा त्याच्यावर चढेल. ऊस सोडला. भाकरी कालवणात कुस्करून खाऊ लागले, तीही एका बाजूनं. आई म्हणाली, "म्हातारी झालीस व्हय गं?" एवढं करून एक दिवस चटणीतला शेंगदाणा दाताखाली आला आणि मेला दात हातात! त्या जागी नवा आला तो अगदी सरळ, प्रार्थनेला रांगेत उभा राहिल्यासारखा. आरशात बघून मी रडले.

पुढं दुष्काळाच्या साली विहीर आटली. दादांनी ती आणखी खोल न्यायचं ठरवलं. कामाचा नारळ कोण फोडणार, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. आणि मला तो नारळ हवा होता. देवाशप्पथ, त्या वर्षी मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

नेमका तेव्हाच धाकटीचा तो दुधाचा दात किडला. हिरडी सुजली. आई लवंग दाबायची, मिश्री चोळायची, म्हणायची, "दुधाचाच हाय, आपोआप पडंल." आत्याचं म्हणणं, वरचा दात काढला की डोळे जातात. शिवाय घरात आलेलं नशीब आपल्या हातानं कोण उपटणार? पोर गाल धरून बसून राहायची. मला तिची दया यायची, नाही असं नाही. पण मनात म्हणायचे, बस आता नशीब कवटाळून!

शेवटी गाल डोळ्यापर्यंत सुजला, ताप भरला, तेव्हा आई आम्हा दोघींना घेऊन एस.टी.नं राहुरीला डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर आईवर चिडलेच. "दुधाचा म्हणून सोडून दिलात? याची कीड शेजारच्या पक्क्या दाताला बाधते. हा वेळेवर पडला नाही म्हणून तर नवा वाकडा आला. यात नशीब कसलं आलंय? आणि डोळ्यांना काही होत नसतं."

त्यांनी चिमटा लावला. धाकटी किंचाळली. मी तिचा हात धरून उभी होते, आणि मला एवढा आनंद झाला की हसू दाबायला ओठ चावावा लागला. तो दात मी मागून घेतला आणि कागदाच्या पुडीत बांधला.

गावात उतरल्यावर मी पुढं पळत विहिरीवर गेले. "दादा, हे बघा! गेलं तिचं नशीब. आता नारळ मी फोडते."

दादांनी दात तळहातावर घेऊन उलटापालटा केला. मागून आई धाकटीला घेऊन येत होती. दादांनी दात तिथंच मातीत टाकला, पुढं जाऊन तिला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "लई दुखलं का गं माज्या बाळाला?"

चार दिवसांनी नारळ तिनंच फोडला. नारळासाठी आलेल्या आत्यानंच विचारलं, "आता कुठं हाय तिला दातावर दात?"

"नसू दे," दादा म्हणाले. "मला तिचाच हात लागतो."

पुढं विहिरीला पाणीही लागलं. लागू नये म्हणून मी नवस बोलले होते, तरी लागलं.

पण नारळ फोडला त्या दिवशी सगळ्यांना खोबरं वाटलं तेव्हाच मला कळून चुकलं, की यात दाताचा काही संबंधच नव्हता. धाकटीला खोबरं चावेना. दादांनी तिचा तुकडा आपल्या तोंडात घेतला, बारीक चावला आणि बोटानं तिला भरवला. मला म्हणाले, "तुझं काय, तुझे दात चांगले हायेत."

मी बांधावर बसून माझा तुकडा एकटीनं खाल्ला.