पाहुण्यांना दिलेलं पाणी

गोजराबाईंना देवराम तसे फारसे ओळखत नव्हते. त्यांचं माहेर देवळ्याकडचं, एवढंच कानावर होतं. गाव कोणतं, हे विचारायचं राहूनच गेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर देवरामांनी मनमाडबाहेर घर बांधलं. शेजारच्या मळ्यातल्या या विधवा बाई त्यांच्या नळावर हंडा भरायला यायच्या, हंडा उचलता उचलता एखादं वाक्य व्हायचं. ओळख ती एवढीच.

आधी त्यांना नळाची गरज नव्हती. मळ्यात स्वतःची विहीर होती. तिच्यावर मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्याचा झेंडू पिकायचा. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात बांधापलीकडून गेलेली तेलाची पाइपलाइन फुटली. डिझेल ओढ्यात उतरलं आणि ओढ्यातून विहिरीत झिरपलं. म्हशीनं पाण्याच्या डोणीत तोंड घातलं आणि फुरफुरत मागं सरली. मेथी पिवळी पडून जमिनीला चिकटली. बादलीत हात घातला, की साबणानंही वास जात नव्हता.

पंचनाम्यात विहीर खराब ठरली, तर कंपनी वरच्या अंगाला नवी विहीर खोदून देणार होती. गोजराबाईंचा सगळा जीव त्या पंचनाम्यात अडकला.

ऑक्टोबरच्या उन्हात जीप आली. तिघे साहेब घामानं भिजलेले. गोजराबाईंनी सकाळीच अंगण सारवलं होतं, देवरामांच्या नळावरून हंडा भरून आणला होता. त्यांनी गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला.

"काय गोड पाणी आहे, मावशी!" एक साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक तांब्या मागून घेतला.

मग ते विहिरीवर गेले. वाऱ्यानं तेलाचा तवंग पायऱ्यांच्या कोपऱ्यात लोटला होता. साहेबांनी काठावरूनच वाकून पाहिलं. पंचनाम्यात उतरलं ते असं : पाणी पिण्यायोग्य, पथकाने स्वतः पिऊन खात्री केली.

"अहो, पण ते पाणी माझ्या नळाचं!" त्या दिवशी कुंपणाशीच उभे असलेले देवराम नक्कल वाचून गोजराबाईंना म्हणाले.

"मंग काय करू, भाऊ? दारी आलेल्या माणसाला घासलेट पाजू?"

देवराम कधी नव्हे ते गोजराबाईंबरोबर तहसील कचेरीत गेले. चारचौघांत बोलणं ते एरवी टाळायचे. तरी साहेब प्यायले ते पाणी आपल्या नळाचं होतं, हे त्यांनी सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं, आजोबा?" कारकुनानं विचारलं.

"तेव्हा मला कुणी विचारलं नाही."

"आताही कुणी विचारलेलं नाही."

मागची माणसं हसली. गोजराबाईंनी पिशवीतली विहिरीच्या पाण्याची बाटली बाहेर काढलीच नाही.

पुढं वर्षानुवर्षं अर्ज झाले. म्हैस गेली, मळ्यात बाभळी माजल्या. गोजराबाई दुसऱ्यांचे कांदे काढायला जाऊ लागल्या. घरी आल्या, की आधी विहिरीची बादली ओढून हुंगायच्या आणि ओतून द्यायच्या.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अखेर नवे साहेब आले. गोजराबाईंनी त्याच तांब्यात पाणी दिलं, पण या वेळी आपल्या विहिरीचं. देताना त्यांची मान खाली होती. साहेबांनी तांब्या तोंडापर्यंत नेला आणि झटकन खाली घेतला.

"मावशी, हे काय पाजताय?"

"माझ्या हिरीचं हाय, साहेब."

साहेबांनी पुन्हा वास घेतला.

"खरं आहे तुमचं. पण दाव्याची मुदत केव्हाच संपली."

"वास नाय ना संपला अजून."

जीप गेल्यावर गोजराबाई तांब्या राखेनं घासत बसल्या. देवराम कुंपणाशी उभे होते. "पाहुणा तहानलेलाच गेला, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा अर्ज केला नाही.

त्या हिवाळ्यात त्या देवळ्याला लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. निघायच्या सकाळी हातपाय धुवायला त्या नळावर आल्या होत्या. त्यांचा हंडा नळापाशीच होता.

"भाऊ, नळ ठिबकतोय. वायसर बदला."

"बदलतो, वहिनी. आणि हंडा?"

"राहू द्या इथंच. आल्यावर नेईन."