आईच्या यकृतातले हिरवे ठिपके

हळद शिजवायच्या दिवसांत आमच्या डोंगरकडा गावात सगळ्यांचेच हात पिवळे असतात. त्यात माझ्या आईचे डोळेही पिवळे झालेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी यकृतावर संशोधन करते, कापलेलं यकृत पुन्हा कसं वाढतं यावर भाषणं ठोकते, अन् मलासुद्धा ते व्हिडिओ कॉलवर दिसलं नाही. कप्पाळ माझं!

निदान झालं ते असं: रोगाशी लढणारी तिच्या अंगातली यंत्रणाच तिच्या यकृतावर उलटली होती. रोज गोळ्या घेतल्या तर बाई जगेल, नाहीतर यकृत निकामी होणार. पण आई गोळ्या घेईना. हिंगोलीहून आणलेली पाकिटं तशीच कोनाड्यात पडून.

"काहून घेत न्हाईस?" मी फोनवर ओरडायचे.

"पोरी नांदायला गेल्या. आता कुनासाठी घिऊ?"

मग मी आणखी ओरडायचे, अन् ती "बरं" म्हणायची. तिचं 'बरं' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत आम्ही एक चाचणी बसवत होतो. पुरुषाच्या पेशीत जे वाय गुणसूत्र असतं, त्यावर हिरवा ठिपका उमटवणारी. ती बरोबर चालते का हे पडताळायला बाईचा एक नमुना लागतो, ज्यात काहीच उमटायला नको. तपासणीला आईच्या यकृताचा बारीक तुकडा काढला होता, त्याच्या दोन-तीन काचपट्ट्या उरल्या होत्या. तिला अन् डॉक्टरांना विचारून मी त्याच घेतल्या. तीन पोरींची आई. माझ्या आधीची एक जन्मताच गेली, तीही पोरगीच. यापेक्षा खात्रीची बाई कुठं मिळणार?

अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या पेशींच्या ओळीत एक हिरवा ठिपका. पट्टी सरकवली. अजून एक. सात मोजले. वाटलं, नमुन्यात काहीतरी मिसळलं असणार. कुणाला हात लावू न देता दुसऱ्या पट्टीवर सगळं नव्यानं केलं. तेच! शेजारच्या पेशींना चिकटून, मुकाट, घरचेच असल्यासारखे बसलेले. पोटातल्या लेकराच्या काही पेशी आईच्या अंगात उतरतात अन् कधीकधी जन्मभर तिथंच राहतात, हे मी स्वतः शिकवते. आईला रक्त तर कधी चढवलेलं नव्हतं. मग हा कोण?

मी गाव गाठलं. वडील अंगणात आजारी मेंढीला औषध पाजत होते, आई चुलीपुढं. मी मोबाइलवर फोटो दाखवला अन् सरळ विचारलं, "माय, तुला पोरगं झालं होतं?"

तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही.

"तुझ्या बापाला सांगू नको," ती हळूच म्हणाली. "मी मेंढरं घिऊन रानात होते. दिवस भरले नव्हते. एकटीच. एकदा रडला, मंग न्हाई. पोरगं गेलं म्हनले असते तर तुझ्या आजीनं मला जित्ती ठिवली नसती. हिनंच खाल्लं म्हनली असती. म्हनून पोरगी होती म्हनले. मातीबी मीच घातली. कुनीच रडलं न्हाई, बाई. चौथ्या दिवशी मी पुन्हा मेंढरामागं."

मला आजीचा असा राग आला की ती जिवंत असती तर मी भांडले असते. मग रडू आलं.

आईनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो जित्ता हाय?"

"फोटोतला न्हाई. तुझ्या अंगात हायत ते जित्ते हायत."

तिनं पदराआडून उजव्या बरगडीखाली हात नेला अन् तिथंच ठेवला. पुढचे दोन दिवस ती उजव्या कुशीवर आडवी झाली नाही. दुपारी लवंडली तरी डावीकडंच. पाणी प्यायची तेसुद्धा घोट घोट, जपून. मध्येच मान कलती करून काहीतरी ऐकल्यासारखं करायची. घरात आमच्याशिवाय आणखी कुणी आहे असं मला वाटू लागलं. एवढी शिकलेली मी, अन् मागं वळून बघत होते!

तिसऱ्या दिवशी मी निघताना तिनं स्वतःच पाकीट पुढं केलं. "ह्या गोळ्यांनी तो मरंल का?"

"न्हाई. तुझं रक्तच त्याला परका समजून मारून राहिलंय. गोळ्या रक्ताला आवरतात."

हे कुणी सिद्ध केलेलं नाही. काही जणांचा तर्क आहे, बस्स. माझ्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी वही फेकून मारली असती. पण आई मरायला निघाली होती, अन् मी बोलून गेले.

तिनं गोळी गिळली. मग बरगडीखाली हात दाबून, झोपलेल्या लेकराला उठवावं तशा आवाजात म्हणाली, "बाळा." जरा थांबली. मग मोठ्यानं, "ए बाळा!"

बाहेरून वडिलांनी विचारलं, "कुनाचं पोरगं आलंय गं?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं.

"आपलं," ती म्हणाली.