मावशीचे मांडे

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला ते ठाऊक असावं; पण ठाऊक असणं वेगळं आणि नवऱ्यानं तोंडानं सांगणं वेगळं. या दोहोंतल्या फटीत मी इतकी वर्षं आरामात राहिलो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

सुरुवात पोटापासून करावी लागेल. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढे पोटच आहे.

माझं पोट लहानपणापासून असं. बेंबीखाली पीळ बसतो, आणि मग थांबणं नाही — दोन-तीनदा धावावं लागतं. मग काही दिवस सगळं बंद, पोट नगाऱ्यासारखं. मग पुन्हा पीळ. ताप नाही, रक्त नाही, अंगावरचं मांस कमी होत नाही. वैद्यबुवांनी संग्रहणी म्हटलं आणि पर्पटी दिली. हकीमसाहेबांनी कलेज्यातली गर्मी म्हटलं आणि अर्क दिला. पोहरादेवीच्या यात्रेत एका भगतानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरनं पोट चारी बाजूंनी दाबलं, जीभ पाहिली आणि म्हणाला, "आतड्यात काही नाही मास्तर, तुम्ही भिता फार." सगळ्यांचा आवाज सारखाच ठाम होता. माझ्या पोटानं मात्र त्यांच्यापैकी कोणाचाच ग्रंथ वाचलेला नव्हता.

डॉक्टरचं अर्धं खरं होतं, हे मला पुढे माझं मलाच कळलं. दूध सोसत नाही. हरभऱ्याची डाळ सोसत नाही. आणि जिथून उठता येत नाही अशी जागा सोसत नाही. शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचे त्या दिवशी पोट माझ्या आधी जागं होई. भाषण ऐकायला पहिल्या रांगेत बसवलं की पीळ. मागच्या रांगेत दाराशी बसलो की काही नाही. भाषण तेच, माणूस तोच! तेव्हा मी ताक-भात आणि ज्वारीची भाकरी धरली, कुठेही गेलो तरी आधी दार पाहून बसू लागलो, आणि जऊळक्याच्या स्टेशनापासून माझ्या शाळेपर्यंतचं एकूण एक झुडूप ओळखीचं करून ठेवलं. वर्गात मी फळ्यावर लांबलचक बेरीज लिहायला घेतली की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत — मास्तर निघाले.

आज मला याची लाज नाही. साहेबाच्या स्वागताला गावानं आंब्याच्या पानांची कमान उभारली होती, बडे लोक फेटे बांधून दुतर्फा उभे होते, आणि त्याच कमानीखालून मी तांब्या घेऊन संथपणे पलीकडे गेलो आहे. वाट तीच जवळची होती. कोणी हसलं असेल तर हसो. ज्या फेट्यांना मी हसत आलो त्यांच्याखालीही एकेक पोट असतंच.

पण तेव्हा मी असा नव्हतो. तेव्हा मी नवा जावई होतो.

सासर रिठदचं. सासरे मोठे शेतकरी, आणि जावई मास्तर मिळाला याचा त्यांना फार अभिमान — मला पगार किती हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणूनच तो अभिमान टिकला. लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. सासऱ्यांनी त्याचा दरबार केला. दारात सनई, पंगतीला सारं गाव, आणि धोंड्यांच्या जोडीला मांडे.

मांडे करायला मावशी होती. सासूची थोरली बहीण, लहानपणीच नवरा गेलेली, बहिणीच्याच घरी राहिलेली. माझ्या बायकोला — यमुनेला — तिनंच वाढवलेलं. आणि मांडे म्हणजे मावशी, असं त्या पंचक्रोशीत समीकरण होतं. पुरण भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर खेळवायची. तो कोपरांपर्यंत पसरत जायचा, पातळ, अलीकडून पलीकडचं दिसावं इतका, आणि मग अलगद उलट्या खापरावर पडायचा. विधवा बाईला लग्नघरात कोण विचारतं? पण हिला गाडी पाठवून नेत. खापरापाशी बसली की ती कोणाची विधवा नव्हती. तिला जगात तेवढीच एक जागा होती.

आणि ती जागा मी घालवली.

पाट मांडला होता भिंतीशी, मधोमध. दोन्ही बाजूंना माणसं, समोर माणसं, दार दूर. आतल्या दाराआडून बायका पाहत होत्या जावई कसा जेवतो ते. पानात मांडा, मांड्यावर तूप, वाटीत दूध. मी "पुरण सोसत नाही" म्हणायला हवं होतं — पण आपल्याकडे धोंड्याच्या पानावर बसलेला जावई असं म्हणतो का? मी खाल्लं. अर्धा मांडा झाला आणि पीळ बसला. पंगत अर्ध्यावर असताना उठू नये हे मला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. उठलो. माणसं ओलांडत निघालो. गोठ्यापर्यंत पोचलो —

नाही, पोचलो नाही. गोठ्याच्या अलीकडेच राहिलो. अंगावर सासऱ्यांनी त्याच सकाळी नेसवलेलं रेशीमकाठी धोतर होतं. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

मागून मेहुणा आला. "काय झालं जी, जवाईबापू? पोट दुखून राह्यलं का?"

साधा प्रश्न होता. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी म्हणालो, "असं मला आजवर कधी झालं नाही. मांड्यात काही होतं का, पाहा."

बस. एवढंच. त्याच्या आधी मी शंभरदा असा धावलो होतो, आणि म्हणालो, आजवर कधी नाही. जिनं काही केलं नव्हतं तिच्याकडे बोट दाखवलं. धोतर भरल्याची लाज मला एक क्षणभर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर टाकायची होती. टाकली.

मला धुऊन-पुसून ओसरीवर बाजेवर निजवलं. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं आणि दारातून बरंचसं दिसतही होतं.

"काय टाकलं व आक्का त्या मांड्यात?" सासरे ओरडत होते. "माह्या जवाईले काय चारलं तुनं?"

सारी पंगत तेच मांडे जेवली होती. काही जण अजून जेवत होते. कोणाचं पोट दुखत नव्हतं. पण जावयाचा शब्द पडला होता, आणि आमच्याकडे जावयाचा शब्द पडला की डोळ्यांना दिसतं ते खोटं ठरतं. मावशी माझ्या पानाशी आली. माझा उरलेला अर्धा मांडा तिनं उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ला. सावकाश, चावून. मग म्हणाली, "आता पाहा मले काय होते तं."

तिला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत ती अंगणात बसून राहिली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिला काही झालं नाही. तेव्हा बायका म्हणाल्या, "जिनं घातलं तिले उताराबी ठावा असते."

मी तर्कशास्त्राची पुस्तकं वाचलेला माणूस. अशा तर्काची एरवी मी सालं काढली असती. बाजेवर पडल्या पडल्या मी कूस बदलली.

त्या दिवसापासून तिला चुलीपाशी बसू दिलं नाही. गाड्या यायच्या थांबल्या. ती शेतावरच्या खोपीत राहायला गेली — गेली की धाडली, ते मी विचारलं नाही. यमुना माहेराहून परतली आणि तिनं मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. माझी धोतरं कशी धुवावी लागतात हे तोवर तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, तरुण होता, लाजला, घाबरला. पोटाचाही दोष. म्हणूनच थांबत नाही.

बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न जऊळक्याला, आमच्याच दारात झालं. यमुनेनं मला न विचारता मावशीला आणवलं. ती आता वाकली होती. मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागे बसली. चूल पेटली, खापर चढलं. पीठ मळलेलं, पुरण वाटलेलं, आणि मांडे टाकायला कोणी नाही.

"खापर तापलं ना व! कोन टाकते मांडे?" कोणीतरी विचारलं.

यमुना म्हणाली, "मावशी आहे ना."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मावशी जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरले इचारा. ते म्हनतीन तं बसतो मी खापरापाशी."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिचे हात मात्र मला दिसले — पदराखालून बाहेर आलेले, एकमेकांवर हळूच फिरत असलेले, पीठ झाडावं तसे. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. यमुनाही. मुलीचा बाप मी, मांडव माझा, शब्द माझा. एक वाक्य पुरलं असतं.

मी तांब्या उचलला आणि बाहेर गेलो.

सगळ्यांनी वाट दिली. मास्तरांचं पोट साऱ्या गावाला माहीत होतं. बाभळीपलीकडे जाऊन मी बराच वेळ उभा राहिलो, आणि तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतून परत आलो. तोवर मावशी आपल्या जागी नव्हती. कोणीतरी साध्या पोळ्या लाटायला घेतल्या होत्या.

त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं.

मावशी पुढे फार जगली नाही. आमच्या घरी मांडे होत नाहीत. यमुना करत नाही, मी मागत नाही.

पोटाचं काय, ते अजून तसंच आहे, आणि मी त्याच्याशी पटवून घेतलं आहे. उद्याही मी दाराशी बसेन, उद्याही तांब्या घेऊन बाजारातून ताठ मानेनं जाईन. त्या आजारानं माझं काही वाईट केलं नाही. जे केलं ते मी केलं. पहिल्यांदा पोट दुखत असताना, दुसऱ्यांदा ठणठणीत असताना.

मांडवात बोलायचं होतं ते वाक्य असं होतं: रिठदला त्या दिवशी मावशीचे मांडे चांगले झाले होते.