उकडीची बारा भुतं

पंधरा दिवस चकल्या पाडून पाडून विजयमालाचं उजवं मनगट धरलं होतं. मलकापुरातल्या निम्म्या घरांचा दिवाळीचा फराळ तिच्याच कढईतून निघायचा. त्यात ऐन अमावस्येला सकाळी संयोगिताचा फोन आला. "काकू, संध्याकाळी मुलांची भुताची पार्टी आहे. काहीतरी तिखटमिठाचं, भुतासारखं दिसणारं, पटकन होईल असं करून द्याल?"

दिवाळीत भुतं! आता काय बोलावं माणसानं? पण नाही म्हणायला जो जोर लागतो, तोही विजयमालाच्या अंगात उरला नव्हता. ती म्हणाली, "देते की."

दुपारी तिनं चकलीच्या उरलेल्या पिठाची बोटं वळली, टोकाला शेंगदाण्याची पाकळी नख म्हणून दाबली आणि तळून काढली. मग तांदळाची उकड मळून बारा पांढरी भुतं केली, डोळ्यांना मिरी लावली, वाफवली आणि अंगावरून लसणाच्या लाल चटणीचे ओघळ सोडले. मोठी ताटं सगळी गिऱ्हाइकांकडे अडकलेली, म्हणून सगळं सुपात मांडलं. कडेनं चटणीची वाटी, लिंबं आणि हिरव्या मिरच्या ठेवल्या. तिखटाबरोबर त्या ती नेहमीच द्यायची. डोळ्यांवर झापड नसती, तर ते सूप बघून तिचं तिलाच कळलं असतं.

संयोगिताच्या दारात चप्पल काढायला म्हणून तिनं सूप उंबऱ्यावर टेकवलं. तेवढ्यात संयोगिताची सासू, हरणाबाई, बाहेर आली आणि जागीच थबकली. अमावस्येची तिन्हीसांज, उंबऱ्यावर सूप, सुपात लिंबं, मिरच्या आणि तांबडं लावलेल्या बाहुल्या.

"आगं बया, उतारा," म्हातारी ओरडली. "कुणी करणी करायला लावली गं तुला?"

आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. ज्या बाईवर करणीचा संशय आला, तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही. नवऱ्यामागं सोळा वर्षं विजयमाला याच हातांवर जगली होती.

"आवं मावशी, पोरांचं खाणं हाय हे. तुमच्या सूनबाईनंच सांगितलंय."

संयोगिता धावत आली, तिनं हो म्हणून सांगितलं, पण तिचं ऐकतंय कोण? गर्दीतली एक म्हणाली, "उताऱ्याचं अळणी असतंय. मीठ हाय का बघा की." उताऱ्याच्या घासात मीठ घालत नाहीत, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

विजयमालानं एक भूत उचललं आणि चावा घेतला.

मीठ नव्हतं. बोटांच्या पिठात होतं, चटणीत होतं, पण उकडीत घालायचं ती साफ विसरली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"बरोबर हाय मीठ," ती म्हणाली आणि दुसरं भूत तोंडात घातलं. मग तिसरं. कुणाला चाखायला उरायलाच नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. कोरडी उकड गिळता गिळवत नव्हती. चौथ्याला हात घातला तसं हरणाबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब. मला दे त्ये."

म्हातारीनं घास तोंडात घोळवला आणि चावायची थांबली. तिनं विजयमालाकडे बघितलं. खोल गेलेले डोळे, बोटांवरचे तेलाचे चटके, पिठानं माखलेला पदर. संपलं आता सगळं, असं विजयमालाला वाटलं. तिला रागसुद्धा आला नाही, इतकी ती दमली होती.

"मीठ हाय की," हरणाबाई बायकांना म्हणाली. "चटणीत बुडवून खावा. कोरडं खाऊ नगा, घशाला बसतंय."

मग तिनं स्वतःच सूप उचललं आणि आत जाता जाता सुनेला हाक मारली, "संयोगिता, आधी हिला ताट वाढ. सकाळधरनं जेवली न्हाई ही."

विजयमाला उंबऱ्यावरच बसली. पोरं आत भुतं मटकावत होती आणि तिला रडू आवरत नव्हतं.