आठपर्यंतचं मौन

त्या उन्हाळ्यात मला पहाटे साडेचारला जाग यायची. आधी भीती वाटायची आणि मग आठवायचं, कशाची ते. शाळेतली कंत्राटी नोकरी सोडून मी पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेवर मिरचीची रोपवाटिका टाकली होती, आणि तिसऱ्या हंगामात पहिल्यांदाच मोठी मागणी आली होती. चार गावांतल्या बायकांच्या शेती गटाला लागणारी सगळी रोपं एकट्या माझ्याकडून जाणार होती. ती धड गेली तर पुढं बघायला नको. बिघडली तर आमच्या भागात एवढंच बोलणं पुरतं, ‘तिची रोपं मेली’. मग वाटेवरून जाणारा माणूसही आत डोकावत नाही.

जाग आली की हात फोनकडे जायचा. कुठं गारा पडल्या, कुणाच्या रोपांवर रोग आला, गट चालवणाऱ्या ताईंचा काही निरोप आहे का, हे सगळं अंथरुणातच वाचून व्हायचं आणि उठायच्या आधीच मी दमलेली असायचे. नवरा जालन्याला कारखान्यात, शनिवारी येणार. त्याला सांगितलं तर म्हणायचा, "तू लई विचार करून राह्यली." ते मलाही ठाऊक होतं. थांबायचं कसं, तेवढं सांगत नव्हता.

अशात जालन्याला नवउद्योजकांच्या एका शिबिराला जाऊन आले. एवढ्या उकाड्यात कोट घातलेला एक तरुण वक्ता म्हणाला की यशस्वी माणसाची सकाळ त्याची स्वतःची असते. पाचला उठा, कोमट पाणी प्या, व्यायाम करा, शांत बसा, वही लिहा. आठपर्यंत फोन बंद, कुणाशी बोलणं नाही, कसला निर्णय नाही. मी शाळेतल्या पोरीसारखं सगळं उतरवून घेतलं. एरवी त्याच्या कोटावर मी आठवडाभर हसले असते, पण त्या दिवसांत मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी ते केलं असतं.

घरी येऊन वेळापत्रक कपाटाला चिकटवलं आणि रोपवाटिकेशेजारच्या माझ्या खोलीचं दार रोज आठपर्यंत लावून घ्यायला लागले. शांत बसणं मला नवं नव्हतं. माहेरी वडील रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून तसेच डोळे मिटून बसायचे आणि उठायचे तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झालेला असायचा. मी मात्र एक डोळा उघडून घड्याळ बघायचे. वहीत ‘आज मी कुणाची आभारी आहे’ असं लिहायचं होतं. पहिल्या दिवशी लिहिलं, विहिरीची. दुसऱ्या दिवशीही विहिरीची. तरी फोन दिसत नव्हता आणि कुणाची हाक येत नव्हती, याचंच मला इतकं सुख वाटलं की मी त्यालाच प्रगती समजले.

कामाला येणाऱ्या मावशीला हे समजावणं भाग होतं. ती साठीला टेकलेली. रोपांचा ट्रे नुसता हातात उचलून, त्याच्या वजनावरून त्याला पाणी हवं की नको ते सांगायची, आणि कधी चुकायची नाही. ‘रुटीन’ म्हटलं तर तिला कळणार नाही असं मी परस्पर ठरवलं. म्हणून म्हणाले, "मावशी, सकाळी आठपर्यंत माझं मौन असतं. हाक मारायची नाही." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले. "बराबर हाय," म्हणाली. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं.

आमच्याकडं रोपांची टाकी भरणाऱ्या विहिरीच्या मोटरला लागणारी लाइट दिवसभर नसते आणि तिच्या वेळाही बदलत राहतात. मागच्या महिन्यात मोटर कोरडी चालून जळाली होती, तेव्हापासून मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून किल्ली खोलीतच ठेवायचे. त्या सोमवारी लाइट सकाळी सहाला येऊन आठला जाणार होती. गावच्या ग्रुपवर तसा निरोप येऊन पडला होता. माझा फोन बंद होता.

आठ वाजून गेल्यावर दार उघडलं तर मावशी पायरीवर बसलेली. शेजारी रिकामी झारी. मी हसले, तशी ती तोंडात धरून ठेवल्यासारखं एका दमात बोलली, "टाकी कोरडी ठक्क हाय, लाइट सहापासून व्हती, आत्ताच गेली, किल्ली जल्दी द्या."

आता किल्लीचं काय करायचं होतं! मी रोपांच्या शेडमध्ये पळाले. लाइट नसल्यानं आदल्या संध्याकाळीही पाणी मिळालेलं नव्हतं, त्यात आमच्याकडचं एप्रिलचं ऊन. कडेच्या रांगांमधल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. आम्ही दोघींनी पिण्याच्या पाण्याच्या हौदातून झाऱ्या भरभरून घातल्या. घाईत निम्मं पाणी माझ्या पायांवरच सांडलं. दुपारपर्यंत बरीच रोपं सावरली, पण कडेचे सत्तरेक ट्रे उठले नाहीत. मावशीनं एकेक हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला.

मग माझा तोल गेला. "दोन तास नुसत्या बसून राहिलात? दार वाजवता आलं नाही? एवढं कळू नये?" मी ओरडत होते आणि ओरडतानाच मला माझी लाज वाटत होती.

"कळत व्हतं की," ती म्हणाली. "तीनदा उठले, हात दारापोतर नेला. पर तुमी मौन धरलं ते रोपांसाठीच ना? ते माझ्या हातून मोडलं असतं तर सगळीच गेली असती. म्हनून न्हाई बोलले." मग जरा खालच्या आवाजात, "मी बी धरल्तं तुमच्यासंगं. आठपोतर चहाबी घेत न्हवते."

मी तिथंच पोत्यावर बसले. माझ्या एका शब्दाचं तिनं व्रत केलं होतं आणि माझ्यापेक्षा नेटानं ते पाळलं होतं.

"मावशी, ते तसलं मौन नव्हतं," मी म्हणाले. "मला सकाळी भीती वाटते. म्हणून दार लावून बसत होते."

ती म्हणाली, "येवढंच व्हय? मंग सांगायचं न्हाई का? मी तर पाचलाच उठून बसलेली असते."

त्यानंतर मी फोन सुरू केला आणि कुणाचे निरोप न वाचता गटाच्या ताईंना लावला. सत्तर ट्रे गेले म्हणून सांगितलं.

"कशानं? मोटर बिघडली का?" त्यांनी विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं. मावशी शेजारीच उभी होती.

"मोटर बराबर होती," मी म्हणाले. "किल्ली माझ्याकडं होती आणि मीच दार लावून बसले होते."

त्यांनी किती ट्रे उरले ते विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला येते. उरलेली रोपं मला माझ्या डोळ्यांनी बघायचीत. मंग ठरवते."