दामूकाकांची डावी बाजू

दामूकाका व्हॅन सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. चारी चाकं बघत, वाकून गाडीखाली डोकावत, तिथं मांजर बसलेलं असेल तर त्याला हाकलत, आणि मग एकेका मुलाचं नाव घेऊन विचारत, "हायस का?" आतून पाळीपाळीनं 'हाय, हाय' असे आवाज येत. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतली मुलं त्यामुळे घरीसुद्धा 'हाय' म्हणायला लागली होती. काही आयांना ते आवडत नसे, पण व्हॅन बदलायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझी सई पहिलीपासून त्यांच्याच व्हॅननं जात होती.

काका खाडीकाठच्या जुन्या गावातले. शेतीच्या जागी शहर उभं राहिलं तेव्हा त्यांच्या भावांनी इमारती बांधल्या. काकांनी मात्र स्टिअरिंग धरलं. तळोज्याच्या कारखान्यांचे रसायनांचे टँकर त्यांनी बरीच वर्षं चालवले आणि उतारवयात ही शाळेची व्हॅन घेतली. ठेंगणे, काळेसावळे, कायम इस्त्रीच्या शर्टातले. बोलणं कमी, पण एखादं वाक्य असं टाकत की ते लक्षात राही. "हॉर्न मारनारा घाबरलेला असतो, ब्रेक मारनारा शहाना असतो," हे त्यांचं ठरलेलं. दुसरं म्हणजे, "टँकरमधी अ‍ॅसिड होतं तवा मी भीत नवतो. पोरं बसली तवापासून भितो."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी हसून ऐकलं होतं.

जुईनगर स्टेशनजवळ माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. नंबर काढते, चष्मे करून देते, काही वेगळं वाटलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. एका सोमवारी दुपारी दुकानात कुणी नसताना काका आले. हातात वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान होतं. मोटार वाहनांच्या नियमांत बदल करायचा विचार विधानसभेत चालू असल्याची ती बातमी होती. शाळेची वाहनं चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं दरवर्षी सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत, आणि ती तपासणी नुसती अक्षरं वाचण्याची नसावी, बाजूच्या नजरेचीही व्हावी, असा प्रस्ताव होता. व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर त्यावरून रोज गदारोळ चालला होता.

"बाय, हे बाजूची नजर म्हंजे काय, तेवडं बघून सांग," काका म्हणाले.

मी आधी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. त्यांनी शेवटून दुसरी ओळ न अडखळता वाचली. मला हायसं वाटलं. मग मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले, त्यांना माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि हात बाजूला लांब धरून बोटं हलवत हळूहळू आत आणू लागले. बोटं दिसली की 'हो' म्हणायचं होतं. उजवीकडे ते लगेच 'हो' म्हणाले. डावीकडे माझा हात आत येत राहिला, त्यांच्या खांद्यापर्यंत आला, गालाच्या रेषेपर्यंत आला, आणि काका शांतपणे माझ्या नाकाकडे बघत राहिले. मी बोटं हलवतच होते. शेवटी हात जवळजवळ त्यांच्या चेहऱ्यासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "हां, आता हाय."

मी हात खाली घेतला. तीन वर्षं. रोज सकाळी मी सईला त्या व्हॅनमध्ये बसवून हात हलवला होता.

मी त्यांना सांगितलं की हे काचबिंदूसारखं वाटतंय, आजच डॉक्टरांकडे जा आणि उद्यापासून गाडी चालवू नका. त्यांनी पानाची घडी पुन्हा घातली. अधिवेशन संपेपर्यंत थांब, असं ते म्हणाले. कायदा झाला की गाडी सोडतो. कायद्याची वाट कशाला बघायची, असं मी विचारलं.

"कायद्यानं थांबवला तं सगल्यांबरोबर थांबलो असं होईल," ते म्हणाले. "मी आपुन थांबलो तं गाव म्हननार, दामू आंधला झाला."

मी काय केलं ते लिहिताना आजही लाज वाटते. मंगळवारपासून मी सईला स्वतःच्या स्कूटरवरून शाळेत सोडू लागले. इतर आयांना सांगितलं की दुकान लवकर उघडायचंय, जाता जाता सोडते. सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहायला मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा लिहिलेलं पुसलं. काकांचं नाव खराब होईल ही भीती होती, माझं चुकलं असेल तर ही भीती होती, आणि आजवर तुम्हाला कसं कळलं नाही, असं कुणी विचारेल ही सगळ्यात मोठी. सईला लवकर सोडून मी दुकानात यायचे आणि साडेसातला, व्हॅन फाटकातून निघायच्या वेळेपासून, घड्याळ बघत बसायचे. आठ वाजून दहा मिनिटांनी मुलं शाळेत पोचतात. त्या चाळीस मिनिटांत मला चहासुद्धा गिळवत नसे. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी दुकानाच्या दारात यायचे.

शुक्रवारी मला ते सहन झालं नाही. नवऱ्यानं सईला सोडलं आणि मी व्हॅनपाशी जाऊन काकांना म्हटलं, आज मी पुढं बसते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार उघडून दिलं. मागं अकरा मुलं होती. कुणाचा तरी डबा सांडला होता आणि त्यावरून खिदळणं चाललं होतं.

काका हळू चालवत होते, फार हळू. आता माझ्या लक्षात आलं की डावीकडे बघायला ते अख्खी मान वळवतात, आणि मान वळली की समोरचं सुटतं. सिग्नलपाशी डावीकडे वळायचं होतं. दिवा हिरवा झाला. काकांनी मान वळवून आरसा बघितला, मान सरळ केली आणि स्टिअरिंग फिरवायला घेतलं. तेवढ्यात माझ्या खिडकीशेजारून एक स्कूटर सरळ पुढं निघाली. हेल्मेट घातलेली बाई, पुढ्यात उभं केलेलं लहान मूल. ती माझ्या इतक्या जवळ होती की मुलाच्या स्वेटरवरची बदकं मला दिसली. व्हॅन तिच्यावर वळतच होती.

मी ओरडले, "काका, थांबा."

त्यांनी ब्रेक मारला तो माझ्या आवाजावर. स्कूटरचं पुढचं चाक आमच्या दारापासून वीतभर लांब थरथरत थांबलं. त्या बाईनं पाय टेकला, मुलाला छातीशी धरलं, आमच्याकडे बघितलं आणि पुढं निघून गेली. 

"कोन होती?" काकांनी विचारलं. ते अजून समोरच बघत होते. "कुटं होती?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.  मग त्यांनी दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन करून बोलावलं. तो येईपर्यंत ते रस्त्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, मुलांकडे पाठ करून. मुलं त्या दिवशी उशिरा शाळेत पोचली. दुपारी डॉक्टरांनी काचबिंदूच असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला थेंब दिले.

त्या रविवारी आमच्या भागातल्या आमदारांनी व्हॅनवाल्यांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली होती. प्रस्तावाला विरोध करायचा हे आधीच ठरलं होतं. काकांनी मला सोबत यायला सांगितलं. जिन्याची भीती वाटते, असं कारण दिलं. चार-पाच जण तावातावानं बोलून झाल्यावर काका उठले. आवाज लहान होता, पण सभागृह ऐकू लागलं.

"मी दामू. माज्यावर एकपन केस नाय. मना डाव्या अंगाचं दिसत नाय. शुक्रवारी एका बाईला आनि तिच्या पोराला मारलं असतं. फिटनेसच्या कागदावर डॉक्टरची सही आनली, त्यानं माज्या डोल्याकडं बघितलंपन नाय. कोनीतरी बघायला पायजे."

मागून एकजण उठला. आमच्या पोटावर पाय का देता, असं त्यानं विचारलं. काकांनी आवाजाच्या दिशेनं पूर्ण वळून त्याला शोधलं.

"तुजी पोरगी कोनाच्या व्हॅननं जाते?"

तो खाली बसला. आमदारांनी काहीतरी लिहून घेतलं. सभा संपल्यावर कुणी काकांशी बोललं नाही. एरवी त्यांना पाहून गाडी थांबवणारे त्यांच्यासमोरून निघून गेले आणि आम्ही दोघं जुईनगरपर्यंत चालत आलो. मी त्यांच्या डावीकडून चालले.

अधिवेशन संपलं. प्रस्ताव समितीकडे गेला, तिथंच आहे. काकांनी व्हॅन विकली. पुढं उजव्या डोळ्याचीही कड जायला लागली तेव्हा मुलीनं त्यांना उरणला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी ते दुकानात निरोप घ्यायला आले. तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. सईला काढून घेतलं आणि चार दिवस बाकीच्यांची मुलं जाऊ दिली, ग्रुपवर लिहिलं आणि पुसलं, सगळं. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे बाय, झालं गेलं.

ते तसं म्हणाले नाहीत.

"तुजे चार दिवस हायत," ते म्हणाले. "माजी दोन वरसं हायत."

व्हॅन सोडायच्या दोन वर्षं आधी गल्लीतल्या खांबाला लागून त्यांचा डावा आरसा फुटला होता. खांब दिसलाच नव्हता. त्याच दुपारी त्यांनी नवा आरसा बसवून घेतला आणि घरातही कुणाला सांगितलं नाही.

"तवापासून रोज भीत होतो," काका म्हणाले, "आनि रोज निघत होतो."

बाहेर त्यांचा जावई रिक्षा घेऊन आला होता. मी त्यांना हात धरून पायरीवरून उतरवलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी हात केला, पण मी डावीकडे उभी होते आणि त्यांनी तो उजवीकडे केला.

त्या चार दिवसांचं सोसायटीतल्या आयांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या मला रोज भेटतात.